‘ये’ म्हणायचं राहिलं

वांगी आणायला सुपडू स्वतः गेला, तिथंच कुंदाबाईला नवल वाटलं. तिचा नवरा घरात कोथिंबिरीची जुडी आणणाऱ्यातला नाही. पण त्या दिवशी सकाळीच त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि थेट बामणोदहून भरिताची वांगी घेऊन आला. मोठी, हिरवी-पांढरी, तुकतुकीत. एकेक हातावर तोलून, हलकं लागलं तेच घेतलेलं. जड वांग्यात बिया फार असतात, एवढं त्याला कळत होतं.

"आज काय अंगात आलं तुमच्या?" कुंदाबाई म्हणाली.

"पोरगं हौसेनं नेऊ राह्यलं, तर वांगं तरी चांगलं पाहिजे." एवढं बोलला आणि लगेच त्याचा आवाज चढला. "घरदार सोडून जंगलात कापडाखाली झोपायचं म्हने! गाढवाचं पोरगं!"

"मग बाप कोन झाला?" कुंदाबाईनं विचारलं, आणि सून मोनाली ओढणीत तोंड लपवून हसली.

तर गाढवाचं पोरगं म्हणजे ललित. पुण्याची नोकरी सोडून दिवाळीला सावद्याला आला तो परत गेलाच नाही. त्याच्या डोक्यात एक खूळ. पाल गावाच्या पुढं सातपुड्यात सोनबर्डी नावाची टेकडी आहे. तिथं इंग्रजांच्या वेळेस कुठल्या साहेबानं सोन्यासाठी खाण खोदलेली. सोनं निघालं चिमूटभर, साहेब गेला निघून. दगडी भिंती राहिल्या, गंजलेलं एक चाक राहिलं, आणि मधोमध ते भोक. ललित म्हणे, पुण्या-नाशिकची माणसं इथं आणायची, तंबू ठोकायचे, भरीत खाऊ घालायचं, खाण दाखवायची. आधी घरच्यांना नेऊन बघू, कसं जमतं ते.

बापाला हे पटत नव्हतं. दोघांचं डोकं सारखंच तापट. बाप एक बोलला की लेक दोन. त्यांचं जुंपलं की शेजारचे टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत बसायचे. सुपडू किती वेळा म्हणाला असेल, "सांगितलं तेवढं ऐकनारं पोरगं देवानं काहून दिलं नही मले?" रागातच म्हणायचा. पण म्हणायचा.

पण कुंदाबाईनं निघायच्या आधी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी हो म्हना त्याले. नहीतर जाईन तो परत पुन्याले, मग बसा दाराकडे पाहत." आणि सुपडूच्या मनात खरंच होतं हो म्हणायचं. वांगी उगाच नव्हती आणली त्यानं. भरीत खाता खाता सांगू, असं ठरवलं होतं.

आता एक गोष्ट आधी सांगावी लागंल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सुपडू केळीवाला झाला तो नंतर. अख्खी जवानी त्यानं लोकांच्या विहिरी खोदण्यात घालवली. तो आणि सावद्याचा गफूर, दोघांची मिळून यारी होती. यारी म्हणजे विहिरीतला दगड-गाळ वर ओढायचं मशीन. सुपडू खाली, गफूर वर. आणि या धंद्यात एक रीत आहे. विहिरीच्या तोंडावर ‘जा’ म्हणायचं नाही. पाळण्यात माणूस बसला, तार सुटायला लागली, की वरचा म्हणणार, "ये रे भाऊ, ये." माणूस खाली चाललाय, तरी ‘ये’च. चुकून कोणाच्या तोंडून ‘जा’ निघालंच, तर ज्यानं म्हटलं त्यानंच तिथल्या तिथं वाकून ‘ये, ये’ म्हणायचं, खालून ‘आलो’ ऐकू येईपर्यंत. दुसऱ्यानं म्हणून चालत नाही. का, ते कोणी विचारत नाही. सुपडूनं या एका शब्दापायी एका मजुराच्या कानाखाली काढली होती.

ललित तर विहिरींच्या काठावरच वाढला. सुपडू डावखुरा, त्याची दोराची गाठ उलटी पडायची. गफूर ती सोडवताना शिव्या घालायचा. ती गाठ सुपडूनं एकट्या ललितला शिकवली होती. साऱ्या तालुक्यात ती गाठ मारणारे दोघंच. बाप आणि लेक.

गफूरच्या पिकअपमध्ये सगळे निघाले. पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा पण घरूनच घेतला, कारण भरिताचं वांगं कापसाच्या काड्यांवरच भाजलं पाहिजे. खिरोदा गेलं, केळीच्या बागा संपल्या, सागाचं जंगल लागलं. थंडीचे दिवस होते. नाल्याच्या काठी ललितनं तंबू ठोकला. सुपडूनं तंबूला लाथ मारून पाहिली.

"पडत नही आबा," ललित म्हणाला.

"वारा आल्यावर पाहू."

"वारा आल्यावर तुम्ही धरून ठेवा."

गफूर हसला. सुपडूच्या पण ओठांवर आलं होतं, त्यानं मिशीत दाबलं.

ऊन कलायला लागलं तसा ललित म्हणाला, उजेड आहे तोवर खाणीचा व्हिडिओ काढू. बायका वांगी भाजायला थांबल्या. हे तिघं टेकडी चढले.

भिंतींच्या मधून आत गेलं की गवत संपतं. एकदम संपतं. पुढं काळी जमीन आणि चौकोनी तोंड, दगडानं बांधून काढलेलं. जंगल खात्याची तार केव्हाच तुटलेली. एका अंगाला आत उतरायला दगडात पायऱ्या कोरलेल्या. सुपडू काठावर गेला, सवयीनं एक खडा टाकला आणि कान दिला.

आवाज आला नाही.

पाणी असलं तर डुबुक होतं, कोरडी असली तर टप्प होतं. इथं काहीच नाही. त्यानं खाकरून पाहिलं. कोणतीही विहीर माणसाचा आवाज परत देते. या भोकानं तो गिळून घेतला.

"चला माघारी," सुपडू म्हणाला. "ही जागा बरोबर नही."

"आबा, अठी वर जाळी बसवू," ललित आपल्याच नादात. मोबाइल धरून तो पहिल्या पायरीवर उतरला होता. "खाली लाइट सोडू. लोकं पाहतीन."

"काय पाहतीन? भोक?"

"सोन्याची खान हाये ही!"

"वर ये."

"थांबा हो. तुम्ही जन्मभर लोकांचे भोकंच खोदले ना? मग मी एक दाखवलं तर काय बिघडलं?"

गफूरला हसू आलं आणि तिथंच जिरलं, कारण त्यानं सुपडूचं तोंड पाहिलं.

"वर ये म्हनतो ना!"

"नही येत! दरवेळी तुमचंच ऐकायचं का?"

झालं. सुपडूचं डोकं फिरलं. डोळ्यांपुढं लाल झालं की त्याला पुढचं-मागचं दिसत नाही.

"मग जा!" तो ओरडला. "जाय! जाय तठीच! असं उलटं बोलनारं पोरगं नकोच मले! सांगितलं ते ऐकनारं पाहिजे, ऐकनारं!"

भोकानं ते पण गिळलं. इकडचा आवाज तिकडं गेला नाही, परत आला नाही.

ललितनं बापाकडं एकदा पाहिलं. त्याला पण ती रीत माहीत होती. त्याच्या तोंडावरचा राग गेला, दुसरंच काही आलं. मग मान फिरवून तो तसाच पायऱ्या उतरत गेला. मोबाइलचा उजेड भिंतीवर हलत गेला, लहान झाला, दिसेनासा झाला.

"सुपडूभाऊ..." गफूर हळूच म्हणाला. "‘ये’ म्हना."

सुपडू काठाकडं पाठ करून दगडावर बसला. तंबाखू मळायला लागला.

"म्हना ना भाऊ. मी म्हटलं तर चालत नही. तुम्हीच..."

"येईन. भूक लागली की येईन तो बरोबर."

"भाऊ, मजाक नही ही..."

"गप बस गफूर."

एवढा एक शब्द. एका अक्षराचा. जिभेच्या टोकावर होता. नाही म्हटला.

सूर्य डोंगराआड गेला. सागाच्या पानांचा आवाज थांबला. आत एक दगड घरंगळला, लांबवर. गार हवा भोकातून वर यायला लागली. तिला वास होता. विहीर उपसून झाली की तळाचा जुना गाळ उघडा पडतो, त्या गाळाचा. सुपडूच्या नाकाला तो ओळखीचा होता. पण ही विहीर नव्हती आणि इथं पाणी नव्हतं.

गफूरनं शेवटी न राहवून हाक मारली, "ललित, ये रे बेटा..."

खालून ‘आलो’ आलं नाही.

आणि मग, अंधार पडता पडता, ललित वर आला. हातात मोबाइल नाही. धापा नाहीत. शेवटच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं आबा. चला."

जन्मात पहिल्यांदा.

सुपडूची छाती फुगली. खोटं कशाला बोला, त्या घडीला त्याला वाटलं, जिंकलो. त्यानं गफूरकडं पाहिलं, बघ, म्हटलं होतं ना? गफूर ललितकडं पाहत होता आणि दोन पावलं मागं सरकला होता.

"मोबाइल रे?" गफूरनं विचारलं.

"खाली राह्यला."

"उजेडाबिगर कसा आला वर?"

"आबानं बलावलं ना."

बोलावलं होतं ते गफूरनं. सुपडूनं तर नाहीच. पण त्यानं ते कानावर घेतलं नाही. चालायला लागला.

खाली तंबूपाशी वांगी भाजून, ठेचून झाली होती. लसूण, मिरची, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. ललितला कांद्याची पात लहानपणापासून चालत नाही. भरितात दिसली की तो आईशी भांडायचा, वेचून बाजूला काढायचा. त्या दिवशी खाली मान घालून खाल्ली.

"अजून वाढू?" कुंदाबाईनं विचारलं.

"हो."

तिनं वाढलं. "अजून?"

"हो."

कुंदाबाईला कौतुक. ती वाढत गेली, तो खात गेला. भरिताचा गंज रिकामा झाला तेव्हा ती थांबली. "आता पुरे ना रे?"

"हो," ललित म्हणाला.

तंबूत सुपडू त्याच्या शेजारी झोपला. शेकोटीचा धूर, भरिताचा लसूण, आणि त्याच्यातून तो वास. गाळाचा. लेकाच्या अंगाला. "अंग धुतलं असतं तर..." तो पुटपुटला. ललित लगेच उठून बसला. "धुऊन येऊ का आबा?"

"झोप रे," सुपडू म्हणाला. ललित आडवा झाला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांना दिवाळीच वाटली. पुण्याची माणसं, तंबू, सगळं विसरला. बाप म्हणाला, केळीला पाणी दे, तो देणार. घड उतरव, उतरवणार. शेजाऱ्यांना टीव्ही बारीक करायची गरज उरली नाही. कुंदाबाई म्हणे, "देवानं ऐकलं तुमचं."

ते ऐकलं की सुपडू उठून बाहेर जायचा.

मग त्यानं उलटंच सुरू केलं. मुद्दाम चिडवायचा. "तुले शेतीतलं काय कळतं रे, पुन्याच्या?" "नही कळत आबा." "तुह्या बायकोनं तुले डोक्यावर बसवलं." "हो आबा." चांगल्या उभ्या केळीकडं बोट करून म्हणाला, "हे खोड काप." ललितनं कापलं. घडासकट. सुपडू बांधावर मटकन बसला. जुना ललित असता तर विळा फेकून म्हणाला असता, "आबा, डोकं ठिकानावर हाये का तुमचं?" त्या एका शिवीसाठी सुपडू आता तडफडत होता.

सून एक दिवस त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आबा, मी पहूरला जाते, माहेरी."

"काहून? भांडला का?"

"भांडत नाहीत, हेच तर..." मोनाली म्हणाली. "काल मी रागात म्हटलं, मरा कुठं तरी. तर ‘बरं’ म्हणाले आणि उठले. चप्पल घातली. दार उघडलं... मी पाय धरून बसले आबा. ते हसत होते."

सुपडू उठला. त्यानं स्वतःच तिला पहूरला सोडून दिलं.

आणि ते न्हाणीतलं. ललित आंघोळ करून गेला की दगडावर बारीक काहीतरी उरायचं. कुंदाबाईला वाटलं साबणाचं असेल. सुपडूनं बोटावर घेऊन उन्हात धरलं. पिवळं. चमकतं. सराफाकडं न्यायची त्याची हिंमत झाली नाही. बादलीभर पाणी ओतून वाहू दिलं.

होळीच्या आधी तो गफूरकडं गेला.

"दोर हाये का आपला जुना?" एवढंच विचारलं.

गफूरनं दोर खांद्यावर घेतला. पिकअप काढली.

सोनबर्डीवर ते पोचले तेव्हा पळस फुलला होता, सगळा डोंगर पेटल्यासारखा. फक्त भिंतींच्या आत काही नाही, तीच काळी जमीन, आणि पायऱ्या चार-पाचावरच तुटलेल्या. सुपडू काठावर पालथा पडला. तोंड भोकात घातलं. एवढे दिवस जिभेवर सुजून बसलेला शब्द बाहेर काढला.

"ललित... ये रे. ये बापा..."

गिळला आवाज. तो थांबला. परत म्हटला. गळा बसला तरी म्हणत राहिला. गफूर बाजूला उभा, हात जोडून का उघडून, त्याचं त्याला ठाऊक.

आणि मग खालून, खूप खालून, फणकाऱ्यानं आलं:

"नही येत!"

सुपडू हसला. रडला. जमिनीवर हात आपटला. "गफूर, ऐकलं? माह्यं पोरगं! ऐकलं का?"

गफूरचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं मान हलवली. ऐकलं.

"तुम्हीच म्हटलं ना ‘जा’?" खालून आलं. "आता काहून बलावता? तठी हाये ना तुमचं ऐकनारं!"

"चुकलं रे! मले ते नको. तुह्यं खरं होतं. आन तुह्या पुन्याच्या लोकांले... मी सोता भरीत करून खाऊ घालतो त्यांले, मग तर झालं?"

त्यानं भोकात कान दिला. सुपडूला वाटलं, गेलं. मग आवाज आला, थोडा मऊ.

"कांद्याची पात नका टाकू पन."

"नही टाकत! आईच्यान नही टाकत!"

"मग सोडा दोर."

गफूरनं दोर सोडला. सुटत गेला, सुटत गेला. खालून हिसका बसला. मग वजन आलं. माणसाचं वजन दोराला कसं येतं, हे त्या दोघांच्या हातांना जन्मभर माहीत. दोघांनी पाय रोवले आणि ओढायला लागले. "ये रे... ये... ये..." सुपडू प्रत्येक हातागणिक म्हणत होता. तळहात सोलले, सोडलं नाही. खालून धापा ऐकू यायला लागल्या. ललितच्या. तो चिडून म्हणतोय ते पण, "हळू ओढा ना आबा, भिंतीले घासू राह्यलो..."

मागं मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

भिंतीतून ललित आत आला. घरचा ललित. अंगात स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. शांतपणे काठापाशी येऊन उभा राहिला.

"आबा, माय म्हने घेऊन ये त्याहिले. उन्हाचे कुठी बसले?"

"सरक मागं!" सुपडू दातांतून बोलला. दोर सोडता येत नव्हता.

"हो आबा." तो सरकला. मग हसला, आणि विहिरींच्या काठावर वाढलेला ललित कधीच बोलला नसता ते, भोकाकडं बघून बोलला.

"जा."

दोर हलका झाला.

दोघंही मागं पडले, पाठीवर. सुपडू ओरडत काठाकडं धावला, "ये! ये रे! ये!" घसा फाटेस्तोवर. खालून काही नाही. पडल्याचा आवाज पण नाही.

गफूरनं दोर वर ओढून घेतला. टोकाला गाठ होती. गफूरनं सोडला तेव्हा दोराचं टोक मोकळं होतं. उलटी गाठ, डावखुऱ्याची. सुपडूनं ती मुठीत धरली. खाणीतून वर आलेल्या त्या साऱ्या दोराला बर्फासारखा गारवा होता. गाठ तेवढी गरम. आत्ता कोणीतरी हात सोडल्यासारखी.

घरी आल्यावर त्यानं ललितसमोर दुसरा दोर टाकला. "गाठ मार."

ललितनं मारली. सरळ. उजव्या हाताची.

"आपली गाठ कुठी गेली?"

"शिकवा ना आबा," ललित म्हणाला. "मी शिकीन."

सुपडू अजून सोनबर्डीला जातो. गफूर नेतो. ‘ये’ म्हणून म्हणून त्याचा आवाज आता घोगरा झालाय. खालून काही येत नाही. माणसांवर ओरडणं त्यानं सोडलंय. गावात कोणी कोणावर चिडून ‘जा’ म्हटलं की तो मधे पडतो, हात जोडतो. लोकांना वाटतं, म्हातारा निवळला.

गाठ त्यानं सोडवली नाही. तेवढा तुकडा कापून उशाखाली ठेवलाय. गफूरला दर जुम्म्याला हातात देतो, बघ म्हणतो. गफूर धरतो, मान हलवतो. एवढे महिने झाले, अजून कोमट आहे.

फक्त मागच्या वेळी गफूरनं ती जरा जास्त वेळ मुठीत धरून ठेवली, आणि सुपडूच्या डोळ्यांत न बघता परत दिली. दाराशी ललित उभा होता. म्हणाला, "गार झाली का आबा? द्या, मी धरतो."